मोरीमागचा वळसा

परसातला शेवटचा पट्टा संपवून त्याने रडारची गाडी भिंतीला टेकवली आणि पडद्यावरची धूळ बाहीने पुसली. लढाईत जमिनीत पेरून ठेवलेले सुरुंग शोधणं हा त्याचा धंदा.

उंबऱ्यावर बसलेल्या आजींनी सकाळपासून त्याची पाठ सोडली नव्हती. मागे सूनबाई उभी होती. तिच्या कडेवरची नात नुकती पावलं टाकू लागली होती आणि आता घरात ठरत नव्हती.

"सुरुंग प्लॅस्टिकचे म्हणतोस. मग यात दिसतात कसे?"

"मातीत लहर सोडायची, आजी. वाटेत वेगळं काही आलं की ती परत फिरते. मग इथे कमान उमटते."

"म्हणजे मुळालाही कमान आणि सुरुंगालाही कमान."

"हो. काय आहे ते उकरल्यावरच कळतं. सकाळी तुमचं उलथणं निघालं ना?"

"ऐकलंस, सूनबाई? इतकी वर्षं ते हरवल्याचा आळ माझ्यावर." मग पुन्हा त्याला, "आणि कमान नसली की?"

"मग काही नाही."

जमीन हवाली करण्याआधी घरच्यांसमोर स्वतः चालून दाखवायचं, असा त्यांच्या पथकाचा शिरस्ता होता. लाल निशाणं काखेत मारून तो भिंतीपर्यंत गेला, परत आला. आजी त्याच्या पायांकडे पाहत होत्या.

सूनबाई नातीला खाली सोडायला वाकली.

"थांब गं," आजी म्हणाल्या. "मोरीचं पाणी मुरतं तिथे हा वळसा घालून आला."

"चिखल आहे, आजी."

"मग बूट कशाला घातलेस?"

त्याने मागे वळून पाहिलं. भुसभुशीत मातीत पावलांची रांग सरळ आली होती, ओलीपाशी वाकली होती, पुढे पुन्हा सरळ. जातानाही आणि येतानाही. आपण वळलो हे त्याला आठवेना. तिथे कमान नव्हती हे खरं. पण पडद्यावर तिथे काहीच नव्हतं, नुसता करडा धुरकटपणा. ओली माती लहर गिळते, हे नव्या लोकांना तोच शिकवत आला होता.

काखेतलं एक निशाण काढून त्याने ओलीच्या कडेला रोवलं. मग दुसरं.

"वाळायला किती दिवस लागतील?" आजींनी विचारलं.

"ऊन राहिलं तर आठवडाभर."

"सूनबाई, आजपासून भांडी पुढच्या दारी घासायची."

नात परसाकडे हात पसरून रडू लागली. आजींनी सापडलेलं उलथणं पदराने पुसलं आणि तिच्या हातात दिलं.