वरचा कोपरा, खालचा कोपरा

फोनवर जिथं वाचायचं थांबलं, तेच पान टॅबवर उघडणारं ॲप प्रियदर्शनीनं बनवलं होतं. ते लोकांना हवंय का हे पाहायला तिनं सेनगावात आईवडिलांना एकाच खात्यावर रहस्यकथा दिली.

चौथ्या दिवशी माणिकराव शेतातून फणफणत आले. "तुझी आई घरी टॅबवर पुढं वाचून राहिली, अन् शेताच्या धुऱ्यावर बसून उघडलं तर माझ्या फोनात थेट खुनीच निघाला."

"दोन खाती काढू?"

"काहून?" द्वारकाबाई तूर निवडत म्हणाल्या. "कागदाच्या पुस्तकात हे वरचा कोपरा दुमडायचे, मी खालचा."

प्रियदर्शनीनं हसत लॅपटॉप उघडला आणि एकाच खात्यात दोघांच्या दोन खुणा ठेवायची सोय करायला घेतली.

"पण खुनी कळलाच की," माणिकराव कुरकुरले.

"तो खुनी न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी त्याच्याबी पुढं गेले."