माद्रिदचं स्पॅनिश आणि ओफेलियाबाईंचं दार

नीलांबरीला सोमवारी नव्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं आणि दोन वर्षांच्या रेणूला सांभाळायला कुणी नव्हतं. अमेरिकेतल्या चँडलर गावी, त्यांच्याच गल्लीत, साठीच्या ओफेलियाबाई घरी मुलं सांभाळत; त्यांना फक्त स्पॅनिश येई. त्यांच्याकडे एकच जागा उरली होती.

नीलांबरी निर्धास्त होती. पुण्यात ती तीन वर्षं स्पॅनिश शिकली होती, तेही माद्रिदला राहून आलेल्या बाईंकडे. तिथे उगाच आर्जवं करत नाहीत, हवं ते सांगून मोकळं व्हायचं, असं बाई शिकवत. सदाशिव पेठेतल्या नीलांबरीला हा धडा गिरवावाच लागला नाही.

दार उघडताच ती म्हणाली, "सोमवारपासून मुलीला सांभाळ. आठ ते पाच. दूध कोमट दे."

ओफेलियाबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "बघते," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

"एकही क्रियापद चुकलं नाही!" घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली.

"आत बसलीस की नाही?" गुरुदत्तनं विचारलं.

"दारातच उरकलं."

"बाई कुठल्या?"

"मेक्सिकोच्या."

"मग माद्रिद कशाला काढलंस त्यांच्यासमोर? आमच्या नागपूरच्या काकूला असं सांगितलं असतंस, तर तिनं रेणूला ठेवून घेतलं असतं आणि तुला हाकललं असतं."

दुसऱ्या दिवशी दोघं गेली. गुरुदत्तचं स्पॅनिश 'ग्रासियास'पाशी, म्हणजे 'धन्यवाद'पाशी, सुरू होऊन तिथेच संपत होतं. आत बोलावेपर्यंत तो बाहेर थांबला. पाणी दोनदा नको म्हणाला, तिसऱ्यांदा घेतलं. मग भिंतीवरच्या फोटोंतली माणसं, बाईंचे गुडघे, अंगणातलं लिंबाचं झाड. नीलांबरी भाषांतर करून थकली. अर्धा तास झाला तरी रेणूचं नाव नाही.

"अरे, मुद्द्याचं बोल ना!"

"आता तू विचार. पण जमेल का, असं."

नीलांबरी सावरून बसली. "सेन्योरा, तुम्हाला त्रास होणार नसेल, आणि जमण्यासारखं असेल, तर आमच्या रेणूला..." इतकं लांब वाक्य तिनं परीक्षेतही लिहिलं नव्हतं.

ओफेलियाबाई पहिल्यांदा हसल्या. निरोप घेताना दारात आणखी पंधरा मिनिटं गेली. मग त्या म्हणाल्या, "सोमवारी आठला आणा. पण रोज सकाळी साहेबांनी यायचं. तुम्ही संध्याकाळी या, घाई नसेल तेव्हा."

"ग्रासियास! ग्रासियास!" गुरुदत्त मनापासून म्हणाला. आपण कशाला होकार दिला, ते त्याला घरी पोचल्यावर कळलं.