डोळ्यांतले भोवरे

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे नाटक्या म्हणायचे. हे नाव मीच ठेवलं होतं.

आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून त्याचे तळवे जळायचे. ऊन वाढलं, धावपळ झाली किंवा नुसती कणकण आली, तरी तो न्हाणीघरात जाऊन ओल्या फरशीवर पाय टेकून बसायचा. "निखाऱ्यावर उभा आहे असं वाटतं," म्हणायचा. डॉक्टरांनी पाहिलं, रक्त तपासलं, पण काही सापडलं नाही. कमरेजवळच्या बारीक लाल ठिपक्यांना आईने घामोळं ठरवून टाकलं. खरं तर त्याला घाम कधी यायचाच नाही, आणि हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

शाळेच्या स्पर्धा होत्या त्या दिवशी तो बारा वर्षांचा होता आणि मी पंधरा. त्याचं नाव रिलेमध्ये होतं. सकाळीच तो रडकुंडीला आला, आज पाय फार जळतायत म्हणाला. बाबा मऊ माणूस. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"खरंच दुखतंय का गं त्याला? तू असतेस त्याच्याबरोबर."

"काही नाही हो बाबा. हरायची भीती वाटतेय. नाटकं नुसती."

बाबांनी माझं ऐकलं. तो पळाला. दुसऱ्या वळणावर तो मटकन खाली बसला आणि पाय छातीशी धरून ओरडत राहिला. लोक हसले. मीही हसले. त्यानंतर पाय दुखतात हे त्याने बरीच वर्षं घरात कुणाला सांगितलं नाही.

मोठा झाल्यावर तो फुलांच्या शीतगृहात कामाला लागला. दिवसभर थंडगार खोलीत खोकी लावायची, उतरवायची. एवढ्या थंडीत कुणी टिकत नाही, पण हा खूष होता. "तिथे बरं वाटतं," म्हणायचा. आम्ही त्यावरही विनोद केले.

मी मात्र शिकले, पुढे प्राध्यापक झाले. माझी प्रयोगशाळा प्रथिनांच्या घड्यांवर काम करते. पेशीत प्रथिन तयार होतं ते लांबलचक साखळीसारखं. त्याची नीट घडी बसली तरच ते कामाचं. पण पेशीत दाटी असते, ऊब असते. घडी विस्कटते, साखळ्या एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे होतात. म्हणून काही प्रथिनांचं कामच असं, की नव्या साखळीला धरायचं, कुठे चिकटू द्यायचं नाही, घडी बसेपर्यंत सवड द्यायची, चुकली तर उलगडून पुन्हा बसू द्यायची. आम्ही त्यांना पाठराख्या म्हणतो. एवढं करूनही जमलं नाही, तर पेशी ते प्रथिन सरळ मोडीत काढते. या विषयावर मी तासन् तास बोलू शकते. बोललेही आहे.

तो चौतीस वर्षांचा असताना त्याचा फोन आला. मी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात चालले होते.

"ताई, तुझ्या त्या प्रथिनांत हातपाय जळण्याचं काही असतं का गं? आता हातही जळतात."

"जीवनसत्त्वाच्या गोळ्या घे. आणि जरा चालत जा रोज, त्या फ्रीजमध्ये काय बसून राहतोस!"

"बरं," तो म्हणाला. पुन्हा त्याने विचारलं नाही.

त्याच आठवड्यात मी शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक आजार शिकवला. पेशीतला एक प्रकारचा स्निग्ध कचरा साफ करणारं एन्झाइम असतं. साखळीतला एखादाच दुवा बदलला की त्याची घडी डळमळते. ते पुष्कळसं काम करू शकलं असतं, पण पेशीच्या तपासणीत नापास होतं आणि मोडीत निघतं. मग कचरा नसांत, मूत्रपिंडांत, हृदयात साचत जातो. यावर एक औषध नुकतंच आलं होतं. तो छोटासा रेणू एन्झाइमला बिलगतो, घडी सावरून धरतो आणि त्याला कामाच्या जागेपर्यंत पोचवतो. फळ्यावर मी लक्षणं लिहिली: हातापायांची जळजळ, घाम न येणं, कमरेजवळ लाल ठिपके. अक्षर माझंच. मी ते पुसलं आणि घरी गेले.

नऊ वर्षांनी तो चष्म्याचा नंबर काढायला गेला. तिथून त्याने फोन केला.

"ताई, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, माझ्या बुबुळावर भोवरे आहेत. भोवऱ्यासारख्या रेघा. एका आजाराचं नाव लिहून दिलंय. वाचू का?"

"नको," मी म्हणाले. ते नाव मला पाठ होतं.

तोवर त्याची मूत्रपिंडं जेमतेम दशांश काम करत होती. मुलग्याला हा आजार आईकडूनच येतो हे कळल्यावर आई म्हणाली, "तुमचा मामा चाळिशीत गेला. मूत्रपिंडं गेली त्याची. सगळे म्हणाले दारूने. त्याने थेंबही घेतला नव्हता रे कधी."

घडी सावरणारं ते औषध प्रत्येक बदलावर चालत नाही. भावाच्या एन्झाइममधला बदल कुठल्या यादीत नव्हता, म्हणून मी तो माझ्याच प्रयोगशाळेत तपासला. पेशींमध्ये ते बिघडलेलं एन्झाइम तयार करवलं, अर्ध्या प्लेटमध्ये औषध घातलं, अर्धी तशीच ठेवली, आणि पाच दिवसांनी मोजलं. औषधाच्या बाजूला एन्झाइमचं काम चौपट वाढलं होतं. माझ्या हाताखालच्या तंत्रज्ञ बाईंना काही माहीत नव्हतं. त्या टाळी वाजवून म्हणाल्या, "मॅडम, काय सुरेख निकाल आलाय!" मी हो म्हटलं, आणि हातमोजे न काढताच बाहेर जाऊन जिन्यात बसले.

मूत्रपिंडांच्या डॉक्टरांनी कागद नीट वाचला. "औषध त्यांच्या बदलावर चालतं, हे खरं," ते म्हणाले. "पण मूत्रपिंडं इतकी गेलेल्या माणसाला हे देत नाहीत. काही वर्षं आधी आले असते तर..." माझा चेहरा बघून ते थांबले. भावाला दर पंधरा दिवसांनी तयार एन्झाइम सलाइनमधून द्यायचं ठरलं, आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस.

एका दुपारी डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसून मी त्याला सगळं सांगून टाकलं. रिलेच्या दिवशी बाबांना काय म्हणाले ते, आणि फळ्यावर काय लिहिलं होतं तेही.

त्याने डोळे मिटले होते. "बाबांनी विचारलं होतं तुला? हे मला माहीत नव्हतं."

"हो."

"मला वाटायचं ताई हुशार आहे, ती म्हणते ते खरंच असेल. बरीच वर्षं मला वाटत होतं, की मी खरंच नाटक करतोय. म्हणजे सगळ्यांचेच पाय जळत असतील, आणि मीच तेवढा रडतोय."

मी माफी मागितली. "असू दे गं," तो म्हणाला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मग नर्सने यंत्राचा आवाज बंद केला आणि तो चहा मागायला लागला.

तो आणखी तीन वर्षं जगला. हृदयाने दगा दिला.

त्याच्या मुलीत तो बदल येणारच होता. या आजारात बापाचा प्रत्येक मुलीला येतो. तिला मात्र वेळेत औषध सुरू झालं. एक दिवसाआड एक कॅप्सूल, तीही उपाशीपोटी. तिचे तळवे आता क्वचितच जळतात. भाऊ गेल्यावर दोन महिन्यांनी तिने विचारलं, "आत्या, हे औषध बाबांच्या वेळी नव्हतंच का?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. "होतं," मी म्हणाले. "त्याने मला विचारलंही होतं. मी नीट ऐकलं नाही."

ती उठून गेली. पुढे तीन आठवडे तिने माझा फोन उचलला नाही. मग एका सकाळी ती दारात उभी.

"तुझी तपासणी झाली का?"

"नाही."

"का?"

आपल्यातही तो बदल असेल आणि तो तसाच सोसला, तर त्याचं देणं निदान थोडं तरी फिटेल, असलं काहीतरी माझ्या मनात होतं, आणि ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

"चप्पल घाल," ती म्हणाली. "मी डॉक्टरांची चिठ्ठी आणलीय."

रक्त काढेपर्यंत ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. परत येताना आम्ही फारसं बोललो नाही. रस्ता ओलांडताना मात्र तिने माझा दंड धरला, आणि पलीकडे पोचल्यावर सोडला.