रिकामी दिसणारी डिस्क

दादाला एक दिवस धीर धरवला नाही, हाच सगळा घोळ. आईच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम मी रविवारी घालणार होते. हा उंटावरचा शहाणा शनिवारी दुपारीच बसला. त्याचा फोन आल्यावर मी धावत पोहोचले, तेव्हा स्क्रीनवर मोठ्या डिस्कसमोर एकच शब्द होता: रिकामी.

त्या डिस्कवर आईचा आवाज होता. घशाच्या ऑपरेशनआधी दादाने तिच्याशी मारलेल्या गप्पांचं अकरा तासांचं रेकॉर्डिंग, आणि दुसरी प्रत कुठेच नाही. आता आई पाटीवर लिहून बोलते. ती पाटी मांडीवर घेऊन ती आमच्यामागेच बसली होती.

"प्लग काढू का गं?"

"हात तर लावून बघ!"

नवी सिस्टिम घालणाऱ्या प्रोग्रॅमचा, म्हणजे इन्स्टॉलरचा, पायथॉन कोड कुणालाही वाचायला खुला होता. मी माझ्या लॅपटॉपवर तो उघडला. 'सगळं पुसा'वर खूण करून दादाने 'पुढे' दाबलं होतं, म्हणून त्या बटणामागचा कोड आधी शोधला. तिथे 'डिस्क' नावाच्या ऑब्जेक्टला, म्हणजे कोडमधल्या एका घटकाला, सरळ हुकूम होता: पूस. माझी पाचावर धारण बसली.

"गेलं?" दादाने विचारलं.

मी ती ओळ पुन्हा वाचली. त्याचा राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

पण हे ऑब्जेक्ट आहे तरी कोण? नावावर जायचं नाही, ते जन्मलं कुठे ते बघायचं. तीन फायली मागे गेले. तिथे खरी डिस्क नव्हतीच, तिचा नुसता आराखडा होता. 'पूस' म्हटलं की तो स्क्रीनवर स्वतःला रिकामा दाखवायचा आणि एका यादीत एक ओळ लिहून ठेवायचा, बस. यादी लिहिली म्हणून किराणा घरात येत नाही. खरं पुसणारी ओळ एकच होती, 'इन्स्टॉल करा' या बटणामागे. ते बटण अजून दाबलेलं नव्हतं.

'रद्द'मागचा कोड दोनदा वाचला. यादी टाकून देतो आणि बाहेर पडतो.

"नक्की?"

"मी वाचलं तेवढं तरी नक्की."

तरी माउसला हात लावायची हिंमत दोघांनाही होईना. आई उठली, मला बाजूला केलं आणि 'रद्द' दाबलं.

जुनी सिस्टिम सुरू व्हायला तीन मिनिटं लागली. मी पहिली फाईल उघडली.

"चालू झालं का रे ते? का नेहमीसारखं भलतंच काही दाबून ठेवलंस?" आईचा आवाज खोलीभर घुमला.

दादा ढसाढसा रडायला लागला. आईने पाटीवर लिहून त्याच्यासमोर धरलं: "आधी दुसरी प्रत काढ. मग रड."