टाचेवरची पट्टी

पद्माकरांच्या टाचेवरची जखम चार महिने झाले तरी भरत नव्हती. मधुमेहाने पाय बधिर झालेला, त्यामुळे दुखतही नव्हती. सर्जननं स्पष्ट सांगितलं होतं, शुक्रवारपर्यंत सुधारणा दिसली नाही तर पाऊल काढावं लागेल.

शेवटचा उपाय म्हणून विजेचे उपचार चालू होते. अंकुर नावाचा फिजिओथेरपिस्ट रोज फरीदाबादच्या घरी यायचा. जखमेवरच्या ओलसर पट्टीला एक तार, पोटरीला दुसरी, आणि तासभर अगदी सूक्ष्म प्रवाह. पट्टी दर तीन दिवसांनी तो स्वतःच बदलायचा.

पण पद्माकरांची मुलगी कादंबरी नोएडाच्या प्रयोगशाळेत मोजमापं घेणारी. तीन दिवस न मोजता राहणं तिला जमेना. हातमोजे घालून ती सकाळ-संध्याकाळ पट्टी उचलायची, पारदर्शक कागदावर जखमेची कड गिरवायची आणि तो आलेखाच्या कागदावर ठेवून आतले चौकोन मोजायची. बावन्न. सत्तेचाळीस. मग सत्तेचाळीसच. सोमवारी एकोणपन्नास.

"प्रयोगशाळेतल्या उंदरालासुद्धा रविवारी सुट्टी असते गं," बाबा म्हणाले.

"हलू नका बाबा."

मंगळवारी अंकुरनं पट्टी पाहिली आणि तो थांबला. "ये किसने खोली?"

"मैंने. सिर्फ नापने के लिए. ग्लव्ज पहनकर."

"कितनी बार?"

"दिन में दो बार."

त्यानं पट्टीची आतली बाजू तिच्यापुढे धरली. पट्टीला चिकटून एक फिकट, पातळ पापुद्रा आला होता. "मॅडम, नई चमड़ी है. रोज़ बनती है, रोज़ आप उतार लेती हैं."

कादंबरीनं पापुद्र्याकडे पाहिलं. प्रवाह काम करत होता. आडवी येत होती ती.

पुढचे तीन दिवस तिनं बाबांच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. स्वयंपाकघरातले डबे पुसले, पुन्हा पुसले. रात्री बाबांच्या दारापर्यंत जाऊन परत आली.

शुक्रवारी सर्जननं पट्टी काढली. जखमेच्या कडेनं गुलाबी रेघ आत सरकली होती. ते बराच वेळ पाहत राहिले.

"अभी नहीं काटते. तीन हफ्ते और देखते हैं."

बाबांनी लेकीकडे पाहिलं. "ऐकलंस ना? रजा पुरे, आता सोमवारपासून प्रयोगशाळेत जायचं."

सोमवारी अकरा वाजेपर्यंत तिनं घरी दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा फोन उचलताच बाबा म्हणाले,

"बांधलेली आहे पट्टी. फोन ठेव."