कायमचं म्हणजे नव्व्याण्णव

'कायमचं' हा शब्द माणूस फार सहज वापरतो. कायमचा पत्ता, कायमची सोय, कायमचा निरोप. खरं म्हणजे कायमचं असं काही असलंच तर ते एकाच्याच घरी आहे, आणि त्याच्या दारावर पाटी नाही. कीर्तनात कुणी रंगून सांगत असलं की हे आपल्याला पटतं, मान डोलते, डोळे पुसले जातात. आणि चपला पायात सरकवल्या की विसरायला होतं.

जुन्या मोठ्या कॉम्प्युटरच्या खोल्यांत मात्र 'कायमचं' याला चक्क तारीख होती. टेपवर काहीही साठवलं की ते कधीपर्यंत जपायचं हे मशीनला सांगावं लागे. ती तारीख उलटली की टेप कोरी समजायची आणि पुढच्या कामाला वापरायची. कायम जपायचं असेल तर? तर नव्व्याण्णव सालचा शेवटचा दिवस लिहायचा. सालाचे दोनच आकडे मावत, आणि नव्व्याण्णवच्या पुढे मशीनला जग नव्हतं. लिहिणारे सगळे पंचविशीतले. नव्व्याण्णव साल म्हणजे त्यांच्या लेखी युगाचा अंतच.

त्या पंचविशीतल्यांपैकी एक आता सत्तरी ओलांडून घराच्या मागच्या खोलीत बसलेला असतो. सगळे त्याला ऑपरेटरच म्हणतात. खोलीत टेबल, टेबलावर चपलेच्या खोक्याएवढा कॉम्प्युटर आणि त्याच्या पोटात, अख्खा हॉल व्यापणाऱ्या जुन्या मशीनचं सोंग घेणारा एक प्रोग्राम. या सोंगाला एम्युलेटर म्हणतात. सोंग इतकं हुबेहूब की जुनी सिस्टिम फसते. आपण अजून त्याच थंडगार हॉलमध्ये आहोत, आपल्याला टेप चढवणारी माणसं आहेत, असं समजून ती हिरव्या अक्षरांत हुकूम सोडते : अमुक टेप चढवा, तमुक प्रिंटरला कागद घाला. आणि ऑपरेटर, जिथे ना टेप ना प्रिंटर, तिथे बसून इमानेइतबारे उत्तरं देतो.

असे वेडे जगभर आहेत. आठवड्यातून एकदा ते स्क्रीनवर भेटतात आणि कुणाचं मशीन कुठे अडलं यावर नातवंडांच्या दुखण्यावर बोलावं तसं बोलतात. या मंडळींची एक रीत आहे. जुन्या सिस्टिमला आजचं साल पचत नाही, म्हणून तिचं घड्याळ अठ्ठावीस वर्षं मागे ठेवायचं. अठ्ठावीस वर्षांनी वार आणि तारखा पुन्हा जुळतात. बाहेर सोमवार तर आतही सोमवार. फक्त आतल्या सोमवारी आपले केस काळे.

"सवत बरी आहे ना आज?" ऑपरेटरची बायको चहा ठेवताना विचारायची.

"आज जरा कुरकुरतेय."

"तुमच्या हाताखाली कोण कुरकुरणार नाही!"

असं चालायचं. पण ती थट्टा करून लगेच जायची नाही. कपाटाकडे एकदा बघून जायची. त्या कपाटात, लोकरीच्या कपड्यांखाली, ताटाएवढं एक रीळ होतं. दर काही महिन्यांनी ती त्याच्यावरची धूळ पुसायची. ऑपरेटरने हे सगळं पुन्हा मांडलं होतं ते त्या एका रिळासाठी, हे त्या घरात दोघांनाही ठाऊक होतं. बोललं जात नव्हतं, इतकंच.

त्यांना एक मुलगी होती. सारखी गुणगुणायची म्हणून तिचं नाव पडलं भुंगी. बायकोची तेव्हा दवाखान्यात नोकरी, म्हणून शाळेच्या सुट्टीत भुंगी बापाबरोबर कामावर जायची. मशीनच्या खोलीत लहानांना मज्जाव. मग ती काचेपलीकडच्या खोलीत, मशीनला जोडलेल्या एका रिकाम्या टर्मिनलपुढे बसायची. बापाने तिला एकच गोष्ट शिकवली : इथे टाइप केलंस की माझ्या कन्सोलवर, मशीनजवळच्या पडद्यावर, दिसतं. झालं! इंग्रजी मोठ्या अक्षरांत आपली भाषा कोंबून भुंगी दिवसभर निरोप पाठवायची. बाबा, मशीनला थंडी वाजत नाही का. बाबा, त्या टकलू काकांनी परत बिस्किटं लपवली. बाबा, देव पण असाच काचेपलीकडे बसतो का. आणि बाप टेप बदलता बदलता, एका बोटाने, उत्तर टाकायचा.

पुढच्या वर्षी तिला ताप आला. साधा ताप म्हणता म्हणता तो डोक्यात गेला, आणि आईच्याच दवाखान्यात, आईच्याच हातावर ती गेली. एवढंच सांगतो. याहून जास्त सांगायला जीभ रेटत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही तेवढं पुरे.

महिन्याभराने ऑपरेटर कामावर गेला तेव्हा त्या सुट्टीतले सगळे निरोप मशीनच्या नोंदीत पडून होते. आज ना उद्या पुसले जाणार. त्याने ते उचलले आणि एका जुन्या बॅकअपच्या मागे, रिळाच्या अगदी शेपटाला नेऊन ठेवले. तिथे कुणाचा हात पोचणार नाही, म्हणून. आणि तारीख लिहिली : नव्व्याण्णव सालचा शेवटचा दिवस. कायमचं.

बायकोला त्याने सांगितलं, "तिचं बोलणं आहे माझ्याकडे. तुला छापून आणतो."

आज छापू, उद्या छापू. प्रिंटरपुढे उभा राहायचा आणि दुसरंच काही छापून परत यायचा. तिने दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. शेवटी ती मोठी मशीनं भंगारात गेली, तेव्हा टेपांच्या ढिगातून त्याने आपल्या पाठ असलेल्या नंबराचं रीळ शोधून घरी आणलं. पण वाचणार कशावर?

तो प्रश्न सुटला तो टेपवाल्यांमुळे. टेपवाले म्हणजे त्याच कॉम्प्युटर केंद्रात टेपांचं कोठार सांभाळणारा त्याचा जुना सोबती. त्यांनी निवृत्तीनंतर घरच्या गॅरेजमध्ये एक जुना टेपड्राइव्ह दुरुस्त करून उभा केला होता. जुन्या टेपचा डिंक सुटलेला असतो. ती आधी मंद आचेवर तासन्‌तास शेकावी लागते, मग एकदा, जेमतेम एकदाच, वाचता येते. त्यांनी रीळ नेलं, शेकलं, वाचलं आणि जे निघालं ते फाइल करून पाठवून दिलं. आत काय आहे ते बघितलंसुद्धा नाही. "तुमच्या घरचं आहे. तुम्हीच उघडा," म्हणाले.

दुपारची वेळ होती. बायकोने चष्मा धुऊन पुसला, पदराने परत पुसला आणि खुर्ची ओढून बसली. ऑपरेटरने त्या फाइलीला टेपचं सोंग दिलं आणि एम्युलेटरला चढवली. सिस्टिमने टेपचा नंबर वाचला. बरोबर.

"आली?" बायको म्हणाली.

"येतेय."

मग आलं ते असं : लेखा विभाग, मासिक पगार. त्याखाली आकड्यांच्या ओळीमागून ओळी. टेपच्या सुरुवातीच्या नोंदीत लिहिल्याची तारीख होती, ती भुंगी गेल्यानंतर कित्येक वर्षांची.

"हे काय आहे?"

"पगार."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा. माझापण असेल त्यात."

ऑपरेटरने टेप उतरवली, परत चढवली. जणू दुसऱ्या वेळेला सिस्टिमला दया येईल. पुन्हा पगार. मग त्याने टेपवाल्यांना फोन लावला आणि बायकोला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला.

"नंबर तोच आहे रे," टेपवाले म्हणाले. "पण वर दुसरं लिहिलंय. म्हणजे ती टेप कधीतरी मोकळी धरली गेली."

"कशी धरली जाईल? नव्व्याण्णवचा शेवटचा दिवस लिहिला होता मी. स्वतःच्या हाताने."

पलीकडे टेपवाल्यांनी पंखा बंद केला.

"तुला तो रविवार आठवतो का?" टेपवाले म्हणाले. "नवं शतक आलं की मशीन कोलमडेल म्हणून आपण चाचणी घेतली होती. घड्याळ पुढे टाकून."

"आठवतो की. काही मोडलं नव्हतं. पेढे वाटले होते सगळ्यांना."

"काही मोडलं नाही. पण झाडू फिरला."

झाडू म्हणजे रोजचा साफसफाईचा जॉब, मशीनला नेमून दिलेलं काम. मशीन सुरू झालं की तो तारखा उलटलेल्या टेपा मोकळ्या करायचा. सालाचे चारही आकडे मशीनला तेव्हा नुकतेच शिकवले होते. त्या रविवारी घड्याळ शतकापलीकडे गेलं, आणि झाडूच्या दृष्टीने 'कायमचं' कालच संपलं.

"सोमवारी आलो तर निम्मं कोठार कोरं म्हणून नोंदलेलं," टेपवाले सांगत होते. "माझ्या रजिस्टरात ज्या कामाच्या होत्या त्या मी पटापट परत अडवल्या. त्या नंबरापुढे 'जुना बॅकअप' एवढंच होतं. मला वाटलं, बरं झालं, एक रीळ सुटलं. मला काय माहीत रे... तू सांगायचंस तरी मला."

"झाडू अडवून ठेवायचा असतो. चाचणीच्या आधी," ऑपरेटर म्हणाला.

"हो."

"त्या रविवारी कन्सोलवर कोण होतं?"

"आता ते कशाला?"

"कोण होतं?"

"तूच होतास," टेपवाले म्हणाले.

बायकोने हात पुढे करून फोन उचलला. "भावजी," ती अगदी शांतपणे म्हणाली, "टेपच्या पुढे काहीच नाही का? पगार संपल्यावर?"

दवाखान्यात जन्म घालवलेली बाई ती. सगळे हात टेकतात तेव्हा एकदा नाडी बघायची, ही तिची सवय.

"वहिनी, नवं लिखाण संपलं की शेवटची खूण असते, तिथेच आम्ही थांबतो. त्यापलीकडे जुनं काही उरलेलं असू शकतं. पण टेपचा लेप सुटत चाललाय. बघतो. वचन देत नाही."

ते दिवस कसे गेले ते त्या घराच्या भिंतींना विचारावं. ऑपरेटर मागच्या खोलीत जायचा, पण मशीन सुरू करायचा नाही. एकदा बायको दारात येऊन म्हणाली, "तुमचं ते घड्याळ मागे असतं ना? मग आत तो रविवार अजून यायचाय."

"हो."

"मग अडवा की झाडू."

"अगं, आत ती टेप नाही."

"हो, नाहीच," ती म्हणाली. "उगाच आपलं मनात आलं."

टेपवाले स्वतः आले. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि उभेच राहिले. पाणीसुद्धा घेतलं नाही. "पगार अगदी तुझ्या फाइलीत घुसून थांबलाय," ते म्हणाले. "पुढे लेपच निघून आला. शेवटचा एक तुकडा तेवढा मिळाला. एक ओळ. मी वाचली, माफ करा. वाचल्याशिवाय कळत नव्हतं मिळालंय की नाही." आणि वहिनींकडे न बघता ते निघून गेले.

ऑपरेटरने ओळ उघडली. बायकोने चष्मा पुसला नाही. हिरव्या अक्षरांत, त्या सुट्टीतला सगळ्यांत शेवटचा निरोप :

कन्सोलवरून : थांब. जॉब संपू दे.

"हे तिचं?" बायकोने विचारलं.

"नाही. माझं."

"तिचं कुठलं?"

"याच्या आधीचं. ते गेलं."

खोलीत कॉम्प्युटरचा बारीक पंखा तेवढा फिरत होता. भुंगीसारखाच, एका सुरात.

"काय विचारलं होतं तिने?"

ऑपरेटर त्या ओळीकडे बघत राहिला. त्याला तो हॉल आठवला, गारठा आठवला, कुठल्या ड्राइव्हवर कुठली टेप होती तेही आठवलं. काच आठवली. काचेपलीकडे, खुर्चीवरून पाय न पोचणारी मुलगी आठवली. तिचे ओठ हललेले आठवले.

"भूक लागली असं असेल," तो म्हणाला. "किंवा घरी कधी जायचं..."

"असेल नको," बायको म्हणाली. "आठवतंय का, सांगा."

"नाही आठवत."

ती उठली. रागावली नाही, रडली नाही. रिळाची रिकामी जागा उरली होती ते कपाट नीट लावून घेतलं आणि स्वयंपाकघरात गेली. देव कनवाळू आहे, यावर माझी श्रद्धा आहे. पण त्या दुपारी तो काचेपलीकडे बसला होता एवढंच मला म्हणता येतं.

बऱ्याच वेळाने ऑपरेटरने जुनी सिस्टिम सुरू केली. दुसरं काय करावं ते हातांना माहीत नव्हतं. सुरू होताना ती आपल्या रीतीप्रमाणे पहिला प्रश्न विचारते : तारीख आणि वेळ ही, मान्य आहे का? आणि उत्तर मिळेपर्यंत थांबते. कितीही वेळ. त्या सिस्टिमइतकी वाट बघणारं कुणी नाही.

तारीख बरोबर अठ्ठावीस वर्षं मागची होती. त्याचं बोट कीबोर्डावर टेकलं, दाबलं गेलं नाही.

आतून ताटांचा आवाज आला. बायकोने नेहमीच्या आवाजात हाक मारली.

"जेवायला येताय ना?"

"थांब," त्याच्या तोंडून गेलं, "हा जॉब..."

पुढचं त्याला बोलवलं नाही. स्वयंपाकघरातला ताटांचा आवाजही बंद झाला. दोघांनीही ऐकलं होतं.

स्क्रीनवर प्रश्न तसाच राहिला.