नेहेमियाकाकांची नडगी

पुण्याहून इस्रायलमधल्या पेताह तिक्वाच्या हॉस्पिटलात संशोधनाला आलेल्या निशिगंधाला दोन वर्षं होत आली होती. तळघरातल्या प्रयोगशाळेत ती काच वितळवायची, तिची पूड करून साच्यात दाबायची आणि पुन्हा भट्टीत घालायची. तयार झालेले सच्छिद्र तुकडे ती शरीरातल्यासारख्या खारट पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवी. त्यांच्यावर हाडासारखा पांढरा थर धरला की ती खूश. पण ही खुशी सांगायची कुणाला? जेवणाच्या टेबलावर सगळे सहकारी तिच्यासाठी दोन वाक्यं इंग्रजीत बोलत आणि नकळत हिब्रूत शिरत. ती काकडी चिरत बसे. मराठी म्हणजे रविवारी आईचा फोन, दहा मिनिटं.

१९९९च्या मार्चमध्ये हाडांचे डॉक्टर मेइर स्वतः तळघरात आले. "रामला गावचा एक पेशंट ऑपरेशनच्या कागदावर सही करायला तयार नाही. तुझ्या भाषेत काहीतरी पुटपुटतोय."

वर खोलीत चौऱ्याहत्तर वर्षांचे नेहेमिया पाय लांब करून बसले होते. शेजारी त्यांची मुलगी सपीर हिब्रूत वैतागत होती. नडगीत साधी गाठ होती. ती खरवडून काढल्यावर पोकळी भरायला हवी होती. कमरेचं हाड काढून तिथं भरावं, तर ते विरळ झालेलं. म्हणून निशिगंधाचे तुकडे.

"काका, काय झालं?" तिनं विचारलं.

म्हातारा दचकला. मग त्याचे डोळे भरून आले. "बाय, तू आपल्यातली? ह्यांना सांग, माझ्या पायात काच नाय घालायची. काच पायातून काढतात, घालतात कधी?"

निशिगंधाला हसू आलं. तिनं खिशातून डबी काढली आणि पांढरा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. "आधी काचच असते. मग भट्टीत तापवली की आतून दाणे धरतात. टोचत नाही, आणि हाड त्याला धरून वाढतं."

"भट्टीत?" नेहेमिया सावरून बसले. "आम्ही बेने इस्रायल. भायखळ्याहून त्रेसष्ट साली इथं आलो, तवापासून सिमेंटच्या कारखान्यात. तीस वर्सं भट्टीवर! किती डिग्री?"

"हजार पन्नास."

"आमची चौदाशे." त्यांनी तुकडा जिभेला लावला. तो चिकटला. "पाणी ओढतंय. भाजणी चांगली हाय." मग त्यांनी सही केली, मराठीत. सपीरनं कपाळावर हात मारला.

ऑपरेशन नीट पार पडलं. त्यानंतर नेहेमिया दर पंधरवड्याला तपासणीला येत आणि वेळेच्या तासभर आधी कुबड्या टेकत तळघरात उतरत. त्यांची बायको डिना चार वर्षांपूर्वी गेली होती. तेव्हापासून घरात मराठीचा शब्द नव्हता. ते "ट्राम", "पिठाची गिरण", "बोंबील" असे शब्द एकेक करून बाहेर काढत. निशिगंधा भट्टीचा काटा बघत बघत हुंकार देई. ते यायचे त्या दिवशी ती केस नीट विंचरून येते, हे तिचं तिलाच उशिरा ध्यानात आलं.

सप्टेंबरात नवा एक्स-रे आला. तुकडा कुठे संपतो आणि हाड कुठे सुरू होतं, ते कडेला कुठेच कळत नव्हतं. मेइरनी तिच्याशी हात मिळवला. नेहेमिया कुबड्यांशिवाय खोलीभर चालून दाखवत होते.

"अब्बा आता आमच्याकडे राहणार, तिकडे लांब नेतिवोतला," सपीर म्हणाली. "आमच्या घरच्या जिन्यामुळे अडलं होतं. आता चढतात."

"फोन कर हां, बाय," नेहेमिया म्हणाले.

तिनं तीन आठवडे केला नाही. कामाशिवाय कसा करायचा? शेवटी एका दुपारी प्रयोगशाळेतून केला. पलीकडे त्यांची नात इन्बाल होती.

"सबा फिरायला गेलाय," ती आजोबांबद्दल हिब्रूत म्हणाली. "रोज जातो, खूप लांब. बागेत दोन म्हातारे मित्रही मिळालेत. काही निरोप?"

निशिगंधाला हिब्रूत एक्स-रे, भट्टी, माफ करा, उद्या एवढं सगळं म्हणता येत होतं. तिनं भट्टीचा काटा पाहिला.

"नाही," ती म्हणाली. "पाय कसा आहे, एवढंच विचारायचं होतं."

"मस्त आहे!" इन्बाल म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.